ट्रॅव्हल सॉकरची घाई कशाला?

अरे, लेकाला ट्रॅव्हल सॉकरमध्ये, म्हणजे गावोगावी जाऊन सामने खेळणाऱ्या निवडक संघात, आत्ताच घालू का विचारतोस ना? मग ट्रायआउटला, म्हणजे निवडचाचणीला, नाव घालण्याआधी एक कर. शनिवारी पहाटे साडेपाचला उठ, दीड तास गाडी हाक आणि दवानं भिजलेल्या मैदानाकडेला घडीची खुर्ची टाकून बस. तुझ्या धाकटीलाही ने, अर्धवट झोपेतली. मग ठरव. ट्रॅव्हल टीममध्ये पोर एकटं जात नाही, अख्खं घर जातं. आमची रविवारची मराठी शाळा त्यातच सुटली.

'आत्ता नाही घातलं तर मागे पडेल' हे सगळेच सांगतील. इथे अमेरिकेत आठ-नऊ वर्षांची पोरं सात-सात जणांच्या संघात छोट्या मैदानावर खेळतात. अकरा-अकराचा खेळ साधारण बाराव्या वर्षी येतो. मागे पडायला आहे काय? बालरोगतज्ज्ञांची इथली संघटना तर एकाच खेळाला वाहून घेणं १५-१६ वर्षांपर्यंत लांबवा म्हणते, आणि वर्षातले एकूण तीन महिने त्या खेळाला सुट्टी द्या म्हणते.

आमच्या थोरल्याला आठव्या वर्षी घातलं. अकराव्या वर्षी त्यानं बूट गराजमध्ये फेकले ते फेकलेच. आमची धाकटी गावच्या रेक लीगमध्ये, म्हणजे गावातल्या गावात हौसेनं खेळायच्या सामन्यांत, रमली; दहाव्या वर्षी ट्रॅव्हल टीमसाठी स्वतःच मागे लागली. तुझा लेक कुणी न सांगता अंगणात बॉल मारतो का, ते बघ.

आणि कोचला विचार: कच्च्या पोरांना किती मिनिटं खेळवता? उत्तर गोलमोल आलं तर तिथूनच परत ये. फीमध्ये हॉटेल, कपडे सहसा धरलेले नसतात, बरं का.