थुंकीतून ग्रंथी उगवत नाही

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लाळ गोळा करून लाळग्रंथीच्या पेशी वाढवता येतील का?

नाही. लाळेतल्या पेशी तोंडाच्या अस्तरातून सुटलेल्या, मरणपंथाला लागलेल्या. सोबत पांढऱ्या पेशी आणि जिवाणूंची जत्रा. दुसऱ्या दिवशी मीडिया (पेशी वाढवायचा पोषक द्रव) गढूळ झालेला दिसेल, बस. ग्रंथीच्या पेशी हव्यात तर ग्रंथीचाच तुकडा लागतो. त्यापेक्षा कायरोनोमस या चिलटासारख्या कीटकाच्या अळीची लाळग्रंथी काढा आणि महाकाय गुणसूत्रं बघा. जुनाच प्रयोग, पण अजून भुरळ घालतो.

प्रश्न : उंदराच्या ग्रंथीच्या पेशी प्लास्टिकवर छान पसरल्या, पण आठवड्याभरात अमायलेज (लाळेतलं पिष्ट पचवणारं विकर) बनणं जवळजवळ थांबलं. मीडिया बिघडला असेल का?

मीडियावर खापर फोडू नका. लाळ बनवणाऱ्या पेशी ग्रंथीत द्राक्षाच्या मण्यासारख्या गोल बसतात आणि मधल्या पोकळीत लाळ सोडतात. सपाट प्लास्टिकवर पोकळीच नाही, मग सोडणार कुठे? हळूहळू त्या नलिकेच्या पेशींसारख्या वागू लागतात. शेजारही महत्त्वाचा. जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड ग्रॉब्स्टाइन यांनी १९५३ साली दाखवलं, की उंदराच्या गर्भातल्या जबड्याखालच्या ग्रंथीला तिच्या भोवतालच्या ऊतीची सोबत असेल तरच प्रयोगशाळेतल्या बशीतही फांद्या फुटतात. तुम्ही पेशी मॅट्रिजेलमध्ये (पेशींना आधार देणारी प्रथिनांची जेली) रुजवून पाहा. गोळे धरतील. मात्र नुसते गोळे दिसले म्हणून हुरळू नका, अमायलेज आणि अ‍ॅक्वापोरिन-५ (लाळेसाठी पेशीतून पाणी बाहेर सोडणारं प्रथिन) तपासा.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत 'एचएसजी' पेशी आहेत. माणसाच्या लाळग्रंथीच्या म्हणून वापरू ना?

अजिबात नको! २०१८ साली एसटीआर तपासणीतून (पेशींची डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी) उघड झालं, की एचएसजी म्हणून वापरल्या जाणाऱ्या पेशी प्रत्यक्षात हेला आहेत. म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचा वंश. लाळेवरचे कितीतरी निष्कर्ष असे भलत्याच अवयवावर काढले गेले. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. कुठलीही पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) हाती आली की आधी एसटीआर करून घ्या, मग बाकीचं.

प्रश्न : वडिलांचं तोंड रेडिएशननंतर कोरडं पडतं. प्रयोगशाळेतली ग्रंथी बसवता येईल का?

आज तरी रुग्णालयात असा नेहमीचा उपचार नाही. मूलपेशींवर संशोधन चालू आहे, पण 'लाळग्रंथी परत आणू' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पाण्याचे घोट, साखरविरहित च्युइंगगम चालू ठेवा. पायलोकार्पिन या लाळ वाढवणाऱ्या औषधाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लाळ कमी की दात झपाट्याने किडतात, म्हणून दंतवैद्याकडून फ्लोराइडची सोय आधी करा.