बेटावरची झाडं मोजायचीत? आधी एवढंच कर

जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर जायची घाई नको. तिथे वनखात्याची परवानगी लागते, शिवाय भरती-ओहोटी सांभाळावी लागते. आधी आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत दोरीने एक मीटरचा चौकोन आखून त्यातलं गवतसुद्धा ओळखायला शीक.

नवखे हमखास चुकतात ते असे: बोट लागते तिथलीच झाडं मोजतात. पण किनाऱ्याच्या चिखलात तिवर (खारफुटीचं झाड), जरा वर खारट जमिनीत मोरस (खाऱ्या मातीतलं बुटकं झुडूप), आत आणखी वेगळंच. म्हणून पाण्यापासून आतपर्यंत सरळ रेघ धर आणि ठरावीक अंतरावर चौकोन टाक. रिकामा निघाला तरी लिही! (लोक नेमका तोच गाळतात.)

मोठ्या बेटावर जाती जास्तच मिळणार; क्षेत्रफळ दहापट, तर जाती ढोबळमानाने दुप्पट. म्हणून लहान-मोठ्या बेटांची तुलना करताना जातींचे नुसते आकडे शेजारी मांडू नकोस.

बेटावर किती जाती टिकतात हे सांगणारा मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांचा सिद्धांत (१९६७ चं पुस्तक)? पुढच्या वर्षी.