कॉम्पसर्टचं पॅकेज करताय? आधी परवाना वाचा

बिल्ड स्क्रिप्ट नंतर. कॉम्पसर्ट म्हणजे अचूकतेची गणिती सिद्धता असलेला सी भाषेचा कंपायलर. त्याचा सोर्स सगळ्यांना दिसतो, पण बराचसा भाग बिगर-व्यावसायिक वापरापुरताच आहे. त्याला 'मुक्त' म्हणून खपवू नका.

खरी डोकेदुखी कॉकच्या आवृत्तीची. कॉक (आता नाव 'रॉक') म्हणजे ही सिद्धता तपासणारं साधन. कन्फिगर स्क्रिप्ट ठरावीक आवृत्त्याच स्वीकारते. ती तपासणी टाळायचा पर्याय आहे खरा. मी एकदा टाळली आणि बराच वेळ चाललेलं बिल्ड एका प्रमेयावर आपटलं! आवृत्ती पक्की बांधून टाका.

वापरणाऱ्याच्या गळ्यात मात्र कॉक, ओकॅमल (प्रोग्रामिंग भाषा), मेनहिर (पार्सर बनवणारं साधन) मारू नका, ते फक्त बिल्डपुरते. त्याला सीकॉम्प (ccomp, कॉम्पसर्टची कंपाइल करणारी कमांड), रनटाइम लायब्ररी आणि बहुधा जीसीसी हा नेहमीचा सी कंपायलर लागेल, कारण प्रीप्रोसेसिंग, असेंब्ली, लिंकिंग बाहेरची साधनं करतात. त्यांना सिद्धतेचं कवच नाही, हे पॅकेजच्या वर्णनात लिहाच.