वाचकांचे प्रश्न: भरलेलं शिवार आणि न दिसणारे मजूर

प्रश्न: इंग्रज चित्रकार गेन्सबरोच्या 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' या जमीनदार जोडप्याच्या चित्रात कापणी झालेली दिसते, पण मजूर एकही नाही. ते केवळ शोभेसाठी गाळले का?

उत्तर: शोभा हे कारण अपुरं आहे. १७५०च्या सुमाराचं हे चित्र अंदाजे ७० सेंमी उंच आणि ११९ सेंमी रुंद आहे. छापील प्रत समोर घ्या आणि डावीकडचं जोडपं तळहाताने झाका. निम्म्याहून जास्त चित्र उरतं आणि ती सगळी जमीनच आहे. व्यक्तिचित्रात माणसं सहसा मधोमध असतात. इथे ती कडेला सरकून जमिनीला जागा देतात, कारण ती त्यांच्या मालकीची आहे.

आता उजवा कोपरा पाहा. पाभरीने पेरल्यासारखी सरळ तासं, उभ्या रचलेल्या पेंढ्या, मागे कुंपणात मेंढ्या. त्या काळी कापणी हातानेच होई. म्हणजे कापणारे, पेंढ्या बांधणारे, रचणारे सगळे इथे राबून गेले आहेत. त्यांचं काम ठेवलं, माणसं वगळली. पीक जणू मालकाला आपसूक मिळतं, असा भास त्यातून होतो.

१६०४ ते १९१४ दरम्यान इंग्लंडमध्ये संसदेच्या कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर सामाईक जमीन कुंपणात गेली, म्हणजे खासगी मालकीची झाली. आपल्या गायरानासारखी चराई, लाकूडफाटा गरिबांच्या हातून सुटला. या चित्राला त्याचा थेट पुरावा मात्र मानू नका. चित्रातली जमीन इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातली, आणि त्या भागातली बरीच शिवारं आधीच बंदिस्त होती.

प्रश्न: मग मजूर दिसले की चित्र गरिबांच्या बाजूचं म्हणायचं?

उत्तर: आधी आकार मोजा. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन'मध्ये (१८२१) गवत कापणारे आहेत, पण उजवीकडे दूरवर, ठिपक्यांएवढे. लहान प्रतीत ते हरवतात, म्हणून मोठी प्रत लागते.

फ्रेंच चित्रकार मिलेने १८५७ साली 'द ग्लीनर्स'मध्ये हे प्रमाणच उलटवलं. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली कणसं, वेचणाऱ्या तीन बाया पुढे, मोठ्या, कंबरेत वाकलेल्या. गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम मागे, चिमुकले. फ्रान्सची राजेशाही उलथवणारी १८४८ची क्रांती पॅरिसच्या सुखवस्तू प्रेक्षकांच्या स्मरणात ताजी होती. त्यामुळे वाकलेल्या तीन पाठींचीही त्यांतल्या अनेकांना धास्ती वाटली.