नेस्टेड लूप बंद करण्याआधी ओळींचा अंदाज तपासा

नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोधत जाणारी जॉइनची पद्धत) बंद केलं की गाड्या आणि सर्व्हिस नोंदी जोडणारी क्वेरी चार मिनिटांऐवजी दोन सेकंदांत येते, मग पोस्टग्रेस डेटाबेसच्या कॉन्फिगमध्ये ते कायमचंच बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. ही एक क्वेरी सुधारेल, पण मोजक्याच ओळी आणणाऱ्या बाकीच्या कितीतरी क्वेऱ्या नेस्टेड लूपवरच झटपट चालतात, त्या मार खातील. तुमच्या प्रयोगातून प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) चुकीचा जॉइन निवडला एवढं मात्र पक्कं कळलं. का निवडला, ते शोधू.

एक्सप्लेन ॲनालाइझ ही आज्ञा क्वेरी चालवून तिचा टप्प्याटप्प्यांचा प्लॅन दाखवते; तो आतून बाहेर वाचा. कॉस्ट, म्हणजे प्लॅनरने धरलेला खर्च, सध्या बाजूला ठेवा. प्रत्येक नोडवर (टप्प्यावर) ओळींचा अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी ताडून बघा. प्रत्यक्ष आकडा एका लूपची सरासरी असतो, त्याला लूप्सने, म्हणजे तो नोड किती वेळा चालला त्या आकड्याने, गुणायचं. हे राहून गेलं की माणूस भलत्याच नोडच्या मागे लागतो. सर्वांत आतल्या ज्या नोडवर आकडे फाकतात, दुखणं तिथलं.

तुमच्या प्लॅनमध्ये ते गाड्यांच्या टेबलावरच दिसतंय: अंदाज १००, प्रत्यक्षात २,०००. अट कंपनी आणि मॉडेल अशी दोन कॉलमांवर आहे. दहा लाख ओळींत ती कंपनी विसाव्या हिश्शाची, ते मॉडेल पाचशेव्या. प्लॅनर दोन्ही कॉलम स्वतंत्र धरून गुणाकार करतो, म्हणून १००. पण मॉडेल ठरलं की कंपनी ठरलीच! ही वीस पटींची चूक पुढच्या जॉइनमध्ये आणखी फुगते.

नुसतं ॲनालाइझ (टेबलाची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) मारून हे सुटणार नाही, कारण साधी आकडेवारी एकेका कॉलमचीच असते. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० पासून अनेक कॉलमांची एकत्र आकडेवारी बनवणारी क्रिएट स्टॅटिस्टिक्स आज्ञा आहे. या दोन कॉलमांवर डिपेन्डन्सीज प्रकारची (एका कॉलमावरून दुसरा कितपत ठरतो ते नोंदणारी) आकडेवारी बनवा आणि त्यानंतर ॲनालाइझ चालवाच, तोवर ती रिकामीच राहते. अट बरोबरीची आहे, तेव्हा ती लागू पडेल; लाइक (नमुन्याशी जुळवणारी अट) असतं तर पडली नसती.

सर्व्हिस नोंदींच्या टेबलात मोठा डेटा एकदम भरत असाल तर भरल्यावर स्वतः ॲनालाइझ करा. आपोआप ॲनालाइझ करणारा ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगला साधारण १०% ओळी बदलेपर्यंत थांबतो. दहा कोटी ओळींच्या टेबलात ते एक कोटी झाले.

एसएसडी आहे म्हणून रँडम पेज कॉस्ट (डिस्कवरचं विखुरलेलं पान वाचायचा खर्च किती धरायचा ते सेटिंग) ४ वरून १.१ करा, असंही कुणी सुचवेल. एरवी सल्ला योग्य आहे, पण आत्ता त्याने इंडेक्स आणखी स्वस्त दिसेल आणि प्लॅनर नेस्टेड लूपकडेच ओढला जाईल. आधी अंदाज ताळ्यावर येऊ द्या. नवा प्लॅन लूप्सच्या आकड्यांसकट इथे टाका, सर्व्हिस नोंदींचा जॉइन मला नीट बघायचाय.