रिकव्हरी डिस्क हरवली असेल तर लॅपटॉप फॅक्टरी सेटिंगवर कसा आणायचा?

प्रश्न असा आहे: लॅपटॉप दुसऱ्या कुणाला द्यायचाय, मूळ रिकव्हरी डिस्क सापडत नाही आणि विंडोज कोरी करकरीत हवी आहे. डिस्कवाचून काही अडत नाही. बहुतेक कंपन्यांनी ती देणं केव्हाच बंद केलंय. डिस्कवर जे असायचं ते हार्ड डिस्कच्या लपवलेल्या पार्टिशनमध्ये (वेगळ्या काढलेल्या भागात) ठेवतात.

ते पार्टिशन शिल्लक आहे का, हे आधी बघा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ५०० एमबी ते १ जीबीचं 'रिकव्हरी' दिसलं तर ते विंडोजचं दुरुस्तीचं साधन, कंपनीने ठेवलेली विंडोजची मूळ प्रत नव्हे. कंपनीची प्रत साधारण १० ते २० जीबीची असते. तिथे '१०० टक्के फ्री' लिहिलेलं असेल, पण त्याला भुलू नका. त्या पार्टिशनला ड्राइव्ह लेटर (सी, डी असं अक्षर) नसतं, म्हणून आत काय आहे ते डिस्क मॅनेजमेंटला कळत नाही आणि ते सगळं रिकामं दाखवतं. वाया गेलेली जागा समजून लोक नेमकं हेच उडवतात.

पार्टिशन असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा (नुसतं शटडाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे मशीन पूर्ण बंद होत नाही). चालू करताना लगेच एचपीवर एफ११, एसरवर ऑल्ट आणि एफ१०, आसुसवर एफ९ टिचकत राहा. लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलना टाचणीने दाबायचं छोटं नोवो बटण असतं. एक लक्षात घ्या: ही प्रत मशीन विकलं तेव्हाची विंडोजच परत आणते, सोबत ट्रायल अँटिव्हायरसची जत्राही. विंडोज ८.१ चा सपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये संपला, १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. शिवाय काही रिकव्हरी प्रोग्राम डी ड्राइव्हही पुसतात, तेव्हा बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्या.

विंडोज १० किंवा ११ चालू होत असेल तर मी या भानगडीत पडणार नाही. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पुढे 'क्लाउड डाउनलोड' घ्या. यात विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरते, त्यात सुमारे ४ जीबी नेटचा डेटा खर्च होतो, पण मशीनवरच्या सिस्टिम फाइल बिघडल्या असल्या तरी काम होतं. 'लोकल रीइन्स्टॉल' त्याच बिघडलेल्या फाइल वापरतं आणि 'कोणतेही बदल केले नाहीत' म्हणून मधेच सोडून देतं. मशीन परक्याच्या हाती जाणार असेल तर 'क्लीन डेटा' चालू ठेवा, म्हणजे पुसलेल्या फाइल परत काढणं अवघड होतं. हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागतात. चार्जर लावलेलाच असू द्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. पुसायच्या आधी लिहून ठेवा.

विंडोज उघडतच नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मशीन पेन ड्राइव्हवरून चालू करायचा पर्याय बूट मेनूत असतो; तो डेल आणि लेनोवोवर एफ१२ने, एचपीवर एफ९ने उघडतो. एसरवर एफ१२ चालत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) तो मेनू आधी चालू करावा लागतो. प्रॉडक्ट कीची चिंता नको: विंडोज ८ पासून ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. विचारलीच तर 'की नाही' म्हणा, पण विंडोजच्या होम आवृत्तीच्या मशीनवर प्रो आवृत्ती टाकू नका, अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही. विंडोज ७ च्या मशीनची २५ अक्षरी की मात्र खालच्या स्टिकरवर असते.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असं लगेच धरू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपना डिस्क ओळखण्यासाठी इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर लागतो. कंपनीच्या साइटवरून तो उतरवून, एक्स्ट्रॅक्ट करून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. वायफाय सापडत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा (मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्या), बाकीचे ड्रायव्हर विंडोज अपडेट ओढून घेतं.

शेवटी 'देश निवडा' हा पडदा आला की थांबा. अकाउंट न बनवता पॉवर बटण दाबून लॅपटॉप बंद करा आणि तसाच द्या.