दोस्तीत पब काढायचाय, पण पगाराचं कोण बोलणार?

प्रश्न : दादा नमस्कार, मी ३४ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. कॉलेजपासूनचा एक जिगरी दोस्त आहे, १४ वर्षं झाली, तो हॉटेल मॅनेजमेंट करून बंगळुरूला एका ब्रूपबच्या (स्वतःची बीअर तिथेच बनवणारा पब) किचनमध्ये होता आणि आता परत पुण्यात आलाय. आमचं खूप दिवसांपासून चाललंय की बाणेरला छोटासा गॅस्ट्रोपब, म्हणजे जेवणालाही तेवढंच महत्त्व देणारा पब, काढायचा, ५०-६० लोकांचा, क्राफ्ट बीअर (छोट्या ब्रूअरीत बनवलेली) आणि सोबत आपलं जेवण, बोंबील, सुकं मटण, कोळंबी असं. माझ्याकडे सेव्हिंगचे ३० लाख आहेत, त्याच्याकडे ८, बाकी लोन. तो म्हणतो मी दिवसरात्र राबणार म्हणून फिफ्टी-फिफ्टी, मलाही ते पटतं. जॉब मी लगेच सोडणार नाही. बायको म्हणते सगळं कागदावर करा, पण हा विषय काढला तर त्याला वाटेल की माझा विश्वास नाही. आणि बीअरपण आपणच बनवायची असा त्याचा हट्ट आहे. काय करू? (नाव छापू नका, पुणे)

उत्तर : बायकोचं ऐका, आणि जागेचं डिपॉझिट द्यायच्या आधी ऐका.

मी इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः एका मित्रासोबत सहा वर्षं हॉटेल चालवलंय. आमच्यात कुणी कुणाला फसवलं नाही, गल्ल्यात कधी फरक आला नाही, धंदापण बरा होता, मोडलं ते पगारावरून. तो सकाळी ७ ला मंडईत आणि रात्री १२ ला शटर ओढायला, मी संध्याकाळी येऊन हिशोब बघणार आणि नफा अर्धा-अर्धा. तीन वर्षं तो भिडेपोटी काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. मग एका शनिवारी मुलीच्या वाढदिवसाला मी लवकर निघालो तर त्यावरून जे काय बाहेर पडलं ते आजही आठवलं की पोटात कालवतं. आता लग्नकार्यात भेटलो तर बोलतो, तेवढंच.

हे तेव्हा मला माहीत नव्हतं, तुम्ही आत्ताच वाचून घ्या : १९३२ च्या पार्टनरशिप ॲक्टमध्ये सरळ आहे की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा आणि धंद्यात केलेल्या कामाचा पगार कुठल्याच पार्टनरला मागता येत नाही. म्हणजे तुमचा मित्र रोज १४ तास भट्टीसमोर उभा राहिला तरी पगाराचा हक्क नाही, आणि तुम्ही २२ लाख जास्त घातलेत म्हणून तुम्हाला नफा जास्त असंही नाही. दोघांवरही अन्याय. म्हणून पगार, भांडवल आणि नफा या तीन गोष्टी वेगळ्या करा. त्याचा पगार पहिल्या महिन्यापासून धंद्याचा खर्च म्हणून धरा, कमी असला तरी चालेल पण ठरलेला हवा. तुमचे जास्तीचे २२ लाख हे तुम्ही धंद्याला दिलेलं कर्ज आहे असं लिहा, व्याज किती आणि कधी फिटणार तेही लिहा. त्यानंतर नफा फिफ्टी-फिफ्टी करा, मग मला काही हरकत नाही.

विषय कसा काढायचा ते सांगतो. "तू राबणार आहेस, तर आधी तुझा पगार ठरवू" इथून सुरुवात करा. बाकीचं आपोआप येतं.

साधी पार्टनरशिप मात्र करू नका, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप) करा. साध्या पार्टनरशिपमध्ये धंद्याचं देणं तुमच्या राहत्या फ्लॅटपर्यंत येतं, एलएलपीत सहसा घातलेल्या रकमेपुरतंच. पण बँक लोन देताना पर्सनल गॅरंटी मागते आणि तिथे सही केली की ते संरक्षण त्या लोनपुरतं गेलंच, तेव्हा घर तारण ठेवू नका. आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर हिश्शाची किंमत कशी काढायची हेही आत्ताच लिहा, कारण लायसन्सवर नावं असतात आणि ती बदलायची म्हणजे पुन्हा एक्साईजच्या फेऱ्या.

आता बीअर. तुमचा मित्र ब्रूपबच्या किचनमध्ये होता ना, बीअर बनवायच्या टाक्यांवर नव्हता. मग हा हट्ट पहिल्या दोन वर्षांत नको. बीअर पाजायचं लायसन्स वेगळं आणि बनवायचं वेगळं, वर टाक्या, चिलर आणि बीअर बनवणारा ब्रूमास्टर. बीअरचे मुख्य प्रकार दोन : एल तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे, लागर कमी तापमानात मुरवायची म्हणून त्याहून कितीतरी जास्त, आणि बॅच बिघडली की सगळी गटारात. पुण्यात २००९ पासून, म्हणजे डूलाली ही ब्रूअरी सुरू झाली तेव्हापासून, क्राफ्ट बीअर रुजलीय (ते नावही आपल्या नाशिकच्या देवळालीवरूनच आलंय), इथे बनवणारे चांगले लोक आहेत, त्यांच्याकडून केग (बीअरचं पिंप) घ्या. ३० लिटरच्या केगमधून ३३० एमएलचे ९० ग्लास कागदावर निघतात, पण फेस आणि पाइप धुण्यात जातं ते धरून ८० चाच हिशोब करा. केगपासून नळापर्यंतचे पाइप दर दोन आठवड्यांनी धुवायचेच, नाहीतर चांगली बीअर आंबूस लागते आणि गिऱ्हाईक नाव तुमचं घेतं.

तुमची खरी ताकद बोंबील आणि सुक्या मटणात आहे. गॅस्ट्रोपब हा शब्द ज्या पबमुळे रूढ झाला तो लंडनचा ईगल, १९९१ मध्ये डेव्हिड एयर आणि माइक बेलबेन या दोघांनी काढला. जुनाच पब घेतला, बारच्या मागेच छोटं किचन, रोजचा मेनू फळ्यावर. एयर किचनमध्ये, बेलबेन बाहेर. पुढे एयर बाहेर पडला तरी पब चालू राहिला. त्यांनी बीअर बनवली नाही, जेवण चांगलं दिलं. तुम्हीही जेवणाला चखणा समजू नका, गव्हाची बीअर आणि कुरकुरीत बोंबील यासाठी मी बाणेरपर्यंत येईन.

हिशोब करताना श्रावण विसरू नका. गटारीला जागा मिळत नाही आणि मग महिनाभर टेबलं रिकामी, त्याच्या आगेमागे आषाढी आणि अनंत चतुर्दशीचा ड्राय डे, आणि भाडं मात्र बाराही महिने. जेवणावर ५ टक्के जीएसटी लावाल पण भाड्यावर भरलेला १८ टक्के परत मिळणार नाही, बीअरला व्हॅट वेगळा, तेव्हा हॉटेलांची कामं करणारा सीए शोधा. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळे काढल्याशिवाय शटर उघडू नका.

जॉब ठेवताय ते चांगलंच आहे, तो पगार सुरुवातीला उपयोगी पडेल. फक्त शुक्रवार आणि शनिवारची रात्र तुम्ही शटर पडेपर्यंत तिथे असणार, आणि घरच्या कार्यक्रमासाठी कुणी किती सुट्ट्या घ्यायच्या, हेही त्याच करारात लिहा.